एकांची माळ : मान्यखेट, देवळाली, बेंगळुरू

पाटीवर मूल जो पहिला अंक गिरवते तो १. हाच अंक शेजारी शेजारी मांडत गेल्यास ११, १११, ११११ अशी संख्यांची एक रांग तयार होते. ती दिसायला इतकी साधी आहे, की तिच्या पोटात काही दडलेले असेल अशी शंकाही येऊ नये. तरीही या एकांच्या माळांनी अकराशे वर्षांहून अधिक काळ गणितप्रेमींना गुंतवून ठेवले आहे. त्यांतील बहुतेक माळा तुटतात, म्हणजे दोन लहान संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात मांडता येतात. फारच थोड्या तुटत नाहीत. ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज अन्य विभाजक नाही, तिला मूळसंख्या म्हणतात, हे इयत्ता पाचवी-सहावीच्या गणितातून सर्वांच्या परिचयाचे आहे. एकोणीस एकांची माळ, १११११११११११११११११११, ही अशी मूळसंख्या आहे.

या एका विधानामागील इतिहास मोठा रंजक आहे. त्याची सुरुवात कर्नाटकातील एका जुन्या राजधानीत होते, एक मुक्काम नाशिकजवळच्या शाळेत पडतो आणि त्याची आजची एक शाखा बेंगळुरूत येऊन पोहोचते.

राष्ट्रकूटांच्या राज्यातील कंठहार

वेरूळचे कैलास लेणे ज्या राष्ट्रकूट राजवंशाने कोरविले, त्याच वंशातील अमोघवर्ष नृपतुंग हा नवव्या शतकात राज्य करीत होता. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही प्रदेशांच्या इतिहासात या राजवंशाला मानाचे स्थान आहे. अमोघवर्षाच्या आश्रयास असलेले जैन गणितज्ञ महावीराचार्य यांनी इ. स. ८५० च्या सुमारास ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्या काळी गणित हे बहुधा ज्योतिषग्रंथाचा एक अध्याय म्हणून येत असे. महावीराचार्यांनी मात्र गणितालाच स्वतंत्र ग्रंथाचा मान दिला. पुढे १९१२ साली एम. रंगाचार्य यांनी संपादन व इंग्रजी भाषांतर करून हा ग्रंथ मद्रास येथून प्रकाशित केला, तेव्हा आधुनिक अभ्यासकांचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

या ग्रंथातील गुणाकाराच्या प्रकरणात काही उदाहरणे अशी आहेत, की त्यांचे उत्तर राजाच्या गळ्यातील कंठहारासारखे दिसावे. १२३४५६७९ ला ९ ने गुणले असता नऊ एकांची माळ येते : १११११११११. १५२२०७ ला ७३ ने गुणले असता आठ एकांची माळ येते : ११११११११. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले असता १००००००००१, म्हणजे दोन टोकांना एक-एक आणि मध्ये आठ शून्ये. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले असता १२३४५६५४३२१ ही संख्या मिळते. ती एकापासून सहापर्यंत चढते आणि पुन्हा एकापर्यंत उतरते. डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, हार तोच.

उदाहरण सोडवणाऱ्याला हा केवळ गुणाकार वाटतो. उदाहरण रचणाऱ्याचे काम मात्र याच्या नेमके उलट असते. आठ एकांची माळ उत्तरात यावी अशी इच्छा असेल, तर त्या माळेला ७३ ने निःशेष भाग जातो हे आधी ठाऊक असावे लागते. शिष्याने गुणायचे असते. गुरूने आधी संख्या फोडून ठेवलेली असते. परीक्षेची प्रश्नपत्रिका काढलेल्या कोणत्याही शिक्षकाला हा अनुभव अपरिचित नसेल. गुणाकाराची वाट सरळ आणि अवयव शोधण्याची वाट अवघड, हा भेद या इतिहासात पुढे पुन्हा पुन्हा समोर येणार आहे. भारतीय परंपरेत त्या अवघड वाटेचा स्वतंत्र विचारही झाला. नारायण पंडित यांनी १३५६ साली लिहिलेल्या ‘गणितकौमुदी’त संख्येचे विभाजक शोधण्याच्या रीतींना एक वेगळे प्रकरण दिलेले आहे.

देवळालीचे मास्तर

महावीराचार्यांच्या कंठहारानंतर सुमारे हजार वर्षांनी त्याच संख्यांवर जीव लावणारे एक गृहस्थ महाराष्ट्रात होऊन गेले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण ठाण्यात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० साली ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले.

शाळेच्या वेळापत्रकातून उरलेला वेळ कापरेकरांनी संख्यांना दिला. संशोधनासाठी त्यांच्यापाशी ग्रंथालय नव्हते, यंत्र नव्हते, विद्यापीठातील खोली नव्हती. कागद, पेन्सिल आणि चौथीपर्यंतचे अंकगणित एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम केले. जी. आय. पी. रेल्वेवरील डेमलो या स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो संख्या’ असेच नाव दिले. हे स्थानक म्हणजे आजची डोंबिवली, असे सांगितले जाते. १६५, २५५३, ४७७७३ या डेमलो संख्या होत. पहिला आणि शेवटचा अंक यांची बेरीज केली की मधला अंक मिळतो : १ व ५ मिळून ६, २ व ३ मिळून ५, ४ व ३ मिळून ७.

यांतील एका खास कुळाला कापरेकरांनी ‘अद्भुत डेमलो संख्या’ म्हटले. एकांच्या माळेला तिनेच गुणले, की ही संख्या जन्मास येते. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. सहा एकांच्या माळेचा वर्ग केला, की १२३४५६५४३२१. मान्यखेटचा कंठहार तो हाच. या संख्यांवरील त्यांचे टिपण १९३८ साली ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आले आणि पुढच्याच वर्षी के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत लिहिलेला लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

कापरेकरांचे नाव जगात गाजले ते ६१७४ या संख्येमुळे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करून वजाबाकी करावी, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ पासून सुरुवात केली, तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तेथे पोहोचल्यावर संख्या बदलत नाही. सुरुवात कोठूनही करा, सात पावलांच्या आत मुक्काम ६१७४ हाच. हा शोध त्यांना १९४६ साली लागला. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो मांडला आणि १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकी नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला.

मूळसंख्यांशी थेट नाते सांगणारा त्यांचा आणखी एक शोध म्हणजे ‘स्वयंभू संख्या’. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली, की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. पण ३१, ५३, ९७ अशा काही संख्या आहेत, की ज्या कोणत्याही संख्येपासून अशा रीतीने जन्मत नाहीत. त्या आपल्या आपण असतात, म्हणून स्वयंभू. वर दिलेल्या तीनही संख्या योगायोगाने मूळसंख्याही आहेत. या कुळाला जगभरच्या ग्रंथांत ‘देवळाली संख्या’ असेही नाव मिळाले आहे.

स्वदेशात मात्र कापरेकरांच्या कामाकडे गंभीरपणे पाहणारे थोडे होते. अंकांचे खेळ म्हणजे गणित नव्हे, असा तज्ज्ञांतील बहुसंख्यांचा कल होता. आपल्या पुस्तिका त्यांनी बहुधा पदरमोड करून छापल्या. निवृत्तिवेतन पुरेसे नसल्याने उतारवयात त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या लोकप्रिय सदरात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

कोणती माळ तुटत नाही?

ज्या माळांचे वर्ग कापरेकरांनी केले, त्या माळांतील मूळसंख्या कोणत्या, या प्रश्नाचा पहिला टप्पा शाळकरी विद्यार्थ्यालाही गाठता येतो. सहा एकांची माळ घेतली, तर ती तीन-तीनच्या दोन तुकड्यांत किंवा दोन-दोनच्या तीन तुकड्यांत विभागता येते. म्हणून ११११११ ला १११ नेही भाग जातो आणि ११ नेही. यावरून नियम निघतो, की एकांची संख्या संयुक्त असेल तर माळ तुटणारच. न तुटणारी माळ हवी असेल, तर तिच्यातील एकांची संख्या मूळ असलीच पाहिजे.

पण उलट बाजूने हा नियम चालत नाही. दोन एकांची माळ ११ ही मूळ आहे. तीन एकांची माळ तुटते : ३ × ३७. पाचांची तुटते : ४१ × २७१. सातांची तुटते : २३९ × ४६४९. अकरांची तुटते : २१६४९ × ५१३२३९. तेरांची ५३, ७९ आणि २६५३७१६५३ यांत तुटते. सतरांची माळही तुटते, पण तिचा लहानात लहान अवयवच २०७१७२३ इतका मोठा आहे. वीस लाखांपर्यंतच्या सर्व मूळसंख्यांनी भागून पाहिले आणि एकानेही भाग गेला नाही, तरी ती संख्या मूळ ठरत नाही, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

एकोणिसाव्या शतकात या माळांकडे लक्ष गेले ते आवर्ती दशांश अपूर्णांकांमुळे. १/३७ चे दशांश रूप ०.०२७०२७०२७… असे आहे. तीन अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो, कारण ३७ ने तीन एकांच्या माळेला भाग जातो. १/४१ मध्ये ०२४३९ हा पाच अंकांचा गट येतो, कारण ४१ ने पाच एकांच्या माळेला भाग जातो. मग कोणत्या मूळसंख्येचा आवर्ती गट एकोणीस अंकी असेल? फ्रेंच गणितज्ञ एदुआर लुका यांनी दाखवले, की तीस लाखांच्या आत अशी एकही मूळसंख्या नाही. सतरा एकांच्या माळेचा अनुभव पाहता एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नव्हता.

भागून पाहण्याच्या मार्गाने उत्तर मिळवायचे, तर किती श्रम पडतील? एकोणीस एकांच्या माळेचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी आहे. तेथपर्यंतच्या मूळसंख्या पाच कोटींहून अधिक आहेत. सुदैवाने प्रत्येकीने भागण्याची गरज नाही. फर्मा यांच्या प्रमेयावरून सिद्ध होते, की या माळेला भागणारी मूळसंख्या असलीच, तर तिच्यातून १ वजा केल्यावर उरलेल्या संख्येला ३८ ने भाग गेला पाहिजे. उदाहरणार्थ १९१ किंवा २२९. त्यामुळे काम अठराव्या हिश्श्यावर येते, म्हणजे सुमारे तीस लाख भागाकारांवर. मिनिटाला एक भागाकार आणि दिवसाला आठ तास अशा गतीने बसले, तरी सुटी न घेता सतरा वर्षे लागतील.

एकोणीस एकांची माळ मूळ असल्याची सिद्धता अमेरिकेतील ऑस्कर हॉप यांनी १९१६ च्या सुमारास दिली. तेवीस एकांची माळ मूळ असल्याचे १९२९ साली डी. एच. लेमर आणि मॉरिस क्राइचिक यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवले. याच लेमर यांनी १९२७ साली लुका यांची एक कसोटी सुधारून मांडली होती. त्या कसोटीचे सार असे : एखाद्या संख्येतून १ वजा करावा, उरलेल्या संख्येचे सर्व मूळ अवयव माहीत असतील, तर मोजक्या घातांच्या बाक्या काढून मूळची संख्या मूळसंख्या आहे की नाही, याचा निर्णय देता येतो. कोट्यवधी भागाकारांची आवश्यकता उरत नाही.

आता ही कसोटी एकोणीस एकांच्या माळेला लावून पाहावी. तिच्यातून १ वजा केला, की अठरा एक आणि शेवटी एक शून्य उरते, म्हणजे अठरा एकांच्या माळेची दहापट. न तुटणाऱ्या माळेचे रहस्य तिच्याआधीच्या तुटणाऱ्या माळेत असते. अठरा एकांची माळ पूर्णपणे फुटते : ३ × ३ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७. हे अवयव सापडण्याची पहिली पायरी म्हणजे या माळेचे दोन भाग करणे. नऊ एकांची माळ १११११११११ आणि १००००००००१ यांचा गुणाकार केला, की अठरा एकांची माळ मिळते.

हे दोन्ही भाग ओळखीचे आहेत. मान्यखेटच्या महावीराचार्यांनी पहिला हार १२३४५६७९ ला ९ ने गुणून मिळवला होता आणि दुसरा १४२८५७१४३ ला ७ ने गुणून. त्यांच्या दोन कंठहारांचा गुणाकार करावा, दहाने गुणावे आणि एक मिळवावा, की एकोणीस अंकी मूळसंख्या समोर उभी राहते. महावीराचार्यांना ती अभिप्रेत होती असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. त्यांनी सुंदर संख्या निवडल्या. त्या सुंदर होत्या, कारण त्यांच्या रचनेत एक नियम होता; आणि तो नियम नवव्या शतकाइतकाच विसाव्या शतकातही खरा होता.

यंत्रांचे युग

तेवीस एकांच्या माळेनंतरची न तुटणारी माळ सापडण्यास संगणकाचा उदय व्हावा लागला. १९६६ च्या सुमारास असे दिसून आले, की ३१७ एकांची माळ बहुधा मूळ असावी. ‘बहुधा’ हा शब्द जाऊन तेथे सिद्धता येण्यास अकरा वर्षे लागली. १०३१ एकांची माळ मूळ असल्याचे १९८६ साली सिद्ध झाले. ४९०८१ एकांच्या माळेविषयी १९९९ साली अंदाज बांधला गेला आणि तो २०२२ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी, सिद्ध झाला. गणितात प्रबळ संशय आणि सिद्धता या दोहोंत किती अंतर असते आणि ते अंतर पार केल्याखेरीज गणितज्ञ स्वस्थ का बसत नाहीत, हे या तारखांवरून कळते. अशा मूळ माळा अनंत आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर अजून मानवजातीला मिळालेले नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक प्रचंड मूळसंख्या सापडली आणि त्या वेळेपर्यंत ज्ञात असलेल्या सर्व मूळसंख्यांना तिने मागे टाकले. दोनचा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला, की ती संख्या मिळते. ती पूर्ण लिहायची, तर ४,१०,२४,३२० अंक लागतात. नेहमीच्या दशमान पद्धतीत लिहिली, तर तिच्यात काही डौल दिसत नाही. परंतु संगणक ज्या द्विमान पद्धतीत संख्या लिहितो, त्या पद्धतीत तिचे रूप असे : तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस एक, ओळीने. म्हणजे तीही एकांची माळच. एकांची संख्या मूळ असल्याशिवाय माळ मूळ असू शकत नाही, हा शाळकरी नियम तिलाही लागू आहे.

बेंगळुरूतील दोन वाटा

गुणाकाराची सरळ वाट आणि अवयवांची अवघड वाट, या भेदाकडे आता पुन्हा वळावे लागते. सरळ वाटेवर बेंगळुरूच्या एका कन्येइतका वेगवान प्रवास क्वचितच कोणी केला असेल. शकुंतलादेवी यांचा जन्म १९२९ साली बेंगळुरूत झाला. त्यांचे वडील सर्कशीत काम करीत. त्यांना औपचारिक शालेय शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये संगणकाने निवडलेल्या दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार त्यांनी मनातल्या मनात अठ्ठावीस सेकंदांत करून दाखवला.

अवघड वाट किती अवघड आहे, हे जगापुढे मांडण्याचे श्रेय पुन्हा मार्टिन गार्डनर यांच्या सदराकडे जाते. कापरेकरांचा परिचय करून दिल्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, ऑगस्ट १९७७ मध्ये, त्याच सदरात रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी शोधलेली गुप्तलेखनाची नवी पद्धत प्रसिद्ध झाली. दोन मोठ्या मूळसंख्या घेऊन त्यांचा गुणाकार जाहीर करावा आणि मूळसंख्या स्वतःपाशी ठेवाव्यात. गुणाकार ठाऊक असलेला कोणीही संदेश कुलूपबंद करू शकेल, परंतु कुलूप उघडण्यासाठी मूळसंख्या माहीत असाव्या लागतील. वाचकांना आव्हान म्हणून १२९ अंकी एक संख्या छापण्यात आली. ती १९९४ साली फुटली, तीही सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी जगभरचे संगणक एकत्र राबवल्यावर. तिचे दोन अवयव होते : एक ६४ अंकी आणि एक ६५ अंकी मूळसंख्या. आज याच तत्त्वावर सर्रास वापरली जाणारी कुलुपे ६१७ अंकी संख्यांची असतात. बँकेचे संकेतस्थळ खरे की बनावट, कागदपत्रावरील डिजिटल स्वाक्षरी अस्सल की नकली, याचा निवाडा करताना अशा संख्या पडद्यामागे उभ्या असतात.

अशी कुलुपे घडवायची, तर मोठ्या मूळसंख्या हव्यात आणि एखादी संख्या मूळ आहे हे झटपट ठरवता यायला हवे. एकांच्या माळेतून १ वजा केल्यावर फुटणारी संख्या हाती येते, हे तिचे भाग्य. सर्वसाधारण संख्येला ते लाभत नाही. कोणत्याही संख्येला लागू पडेल, कोणत्याही अप्रमाणित गृहीतकावर विसंबणार नाही, निःसंदिग्ध निर्णय देईल आणि अंकांची संख्या वाढली तरी जिचे श्रम हाताबाहेर जाणार नाहीत, अशी एकच रीत अस्तित्वात आहे काय, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच पदवीधर झालेले त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी अशी रीत जाहीर केली. त्यांचा शोधनिबंध २००४ साली ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००६ साली तिघांना ग्योडेल पारितोषिक मिळाले. यांपैकी नीरज कयाल यांनी पुढे बेंगळुरूतील मायक्रोसॉफ्ट रिसर्च या संस्थेत संशोधन केले. बेंगळुरूतच मुख्यालय असलेल्या इन्फोसिस सायन्स फाउंडेशनचे २०२१ सालचे गणितशास्त्राचे पारितोषिक त्यांना मिळाले.

या शोधाने एक गोष्ट स्पष्ट झाली. संख्या मूळ आहे की संयुक्त, एवढेच विचारायचे असेल, तर उत्तर वाजवी श्रमांत मिळते. संयुक्त असेल तर तिचे अवयव कोणते, हे विचारताच वाट पुन्हा अवघड होते. संख्या तुटते हे कळावे आणि कोठे तुटते हे मात्र कळू नये, या विलक्षण परिस्थितीवर आजच्या नगरातील व्यवहारांचा मोठा भाग उभा आहे. व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या कसोट्या याहून वेगवान आहेत आणि हजारो एकांच्या माळांच्या सिद्धताही अन्य मार्गांनी झाल्या. परंतु अशी रीत असू शकते, हे निःसंशयपणे दाखवण्याचा मान कानपूरच्या त्या तिघांचा आहे.

साठ आणि एकसष्ट

या सर्व हकिकतीत देवळालीच्या मास्तरांचे स्थान कोठे? डेमलो संख्यांनी कोणत्याही बँकेचे कुलूप घडवले नाही, ६१७४ ने कोणतेही यंत्र चालवले नाही. कापरेकरांचा गौरव करताना ‘त्यांच्या संशोधनाचा पुढे मोठा उपयोग झाला’ असे म्हणणे सोयीचे असले, तरी खरे नव्हे. त्यांचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. संख्येकडे पाहून ‘हे असे का?’ असे विचारण्याचा अधिकार केवळ पदवीधारकांचा नाही, हे त्यांनी बत्तीस वर्षे वर्गात उभे राहून आणि उरलेला वेळ कागदावर वाकून दाखवले. महावीराचार्यांचे कंठहार आणि कानपूरची रीत यांच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे. तो विचारण्यासाठी लागणारी सामग्री, म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि बाकी, मराठी शाळेत मराठीतूनच हाती येते. पाढ्यांच्या भाषेत सुचलेला प्रश्न कोणत्याही भाषेत सुचलेल्या प्रश्नाहून कमी दर्जाचा नसतो.

हीरकमहोत्सवाचा आकडा ६०. या संख्येला बारा विभाजक आहेत. तिच्याहून लहान कोणत्याही संख्येला इतके नाहीत. तिच्या लगतची ६१ ही मात्र मूळसंख्या आहे. या दोन शेजारणींचे एक नाते कापरेकरांना नक्कीच आवडले असते. साठ एकांची माळ करावी आणि तिला ६१ ने भागावे. भाग निःशेष जातो. एकोणसाठ एकांच्या माळेला तो जात नाही, तीसच्या किंवा वीसच्याही नाही. साठाहून लहान एकाही माळेला ६१ ने भाग जात नाही. पडताळा पाहण्यास यंत्र लागत नाही. एक लांब कागद, धारदार पेन्सिल आणि थोडा धीर पुरे.